ली मिलरचा बाथटबमधला फोटो: नुसती पोझ म्हणायची का?

रेघोटी:
केट विन्स्लेटचा 'ली' हा सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून म्युनिकमधल्या हिटलरच्या घरात, त्याच्याच बाथटबमध्ये बसलेली ली मिलर डोक्यातून जात नाहीये. मैत्रीण म्हणते, सनसनाटीसाठी दिलेली पोझ आहे ती. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते मांडता येत नाहीये. शिवाय तिच्याबद्दल वाचावं तर आधी व्होग या फॅशन मासिकाची सुंदर मॉडेल, मग एकदम युद्धछायाचित्रकार. मधला सांधा कुणीच सांगत नाही. जाणकारांनी लिहावं ही विनंती.

लालदिवा:
पोझ तर आहेच. मी बरीच वर्षं डार्करूममध्ये प्रिंट काढतो आणि हा फोटो मला तिच्या सगळ्या कामातला सगळ्यात विचारपूर्वक रचलेला वाटतो. टबाच्या काठावर हिटलरची तसबीर, दुसऱ्या बाजूला स्त्रीची छोटी मूर्ती आणि खाली पायपुसण्यावर तिचे बूट. ३० एप्रिल १९४५, त्याच दिवशी सकाळी ती डाखाऊच्या नाझी छळछावणीत फोटो काढत होती. तिथला चिखल त्या बुटांनी हिटलरच्या स्वच्छ न्हाणीघरात आणला. बूट फ्रेमबाहेर राहिले असते, तर तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

ही नजर आली कुठून? माझ्या मते सांधा इथेच आहे. मार्च १९२७च्या व्होगच्या मुखपृष्ठावर लपाप या चित्रकारानं काढलेलं तिचं चित्र आलं, मग स्टायकेनसारख्या छायाचित्रकारांनी तिचे फोटो काढले. त्यातलाच एक तिला न विचारता सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत छापला गेला आणि त्या काळात केवढा गहजब झाला! आपल्या शरीराचा फोटो दुसऱ्याच्या हातात गेला की त्याचा अर्थ कसा बदलतो, हे तिनं सोसून शिकलं होतं. १९२९मध्ये पॅरिसला जाऊन ती मॅन रे या छायाचित्रकार-चित्रकाराकडे काम शिकली. अर्धवट डेव्हलप झालेल्या निगेटिव्हवर दिवा पडला की प्रिंटमध्ये आकृतीभोवती काळी रेघ उमटते, ते सोलरायझेशन. तिनं सांगितल्याप्रमाणे, अंधारात पायावरून काहीतरी सरपटलं म्हणून तिनं दिवा लावला आणि तिथून हे दोघांचं तंत्र सुरू झालं. नाव मात्र मॅन रेचं झालं. मला याचा अजूनही राग येतो.

पानगळ:
पण बाथटबच्या फोटोचं बटण तर तिच्यासोबतच्या डेव्हिड शेरमन या छायाचित्रकारानं दाबलं होतं ना? मग फोटो तिचा कसा?

लालदिवा:
रास्त प्रश्न. बटण शेरमनचं, श्रेय दोघांचं. त्यानंतर तिनंही त्याचा फोटो काढला, त्याच टबात. शेरमन ज्यू होता, हे लक्षात ठेवून तो फोटो बघा. पण पहिल्यात खांद्याशी हात कसा न्यायचा, नजर कॅमेऱ्यापासून किती वळवायची, हे कळायला स्टुडिओतल्या दिव्यांखाली उभं राहिलेलंच माणूस लागतं. आधी फॅशनसाठी जे वापरलं गेलं, ते तिनं इथे स्वतःच्या मर्जीनं वापरलं.

रेघोटी:
हेच मला म्हणायचं होतं! आणि डाखाऊचे फोटो फॅशनच्याच मासिकात छापून आले, हेही विलक्षणच.

लालदिवा:
हो, जून १९४५च्या अमेरिकन व्होगमध्ये, 'बिलीव्ह इट' या शीर्षकाखाली. त्याआधी पिकासोनं १९३७मध्ये तिची व्यक्तिचित्रं काढली, मॅन रेनं आकाशात तरंगणारे तिचे ओठ रंगवले. चित्रकलेच्या पुस्तकांत तिला जागा मिळाली ती अशी, इतरांच्या कामातून. तिचं स्वतःचं काम मात्र इंग्लंडमधल्या घराच्या माळ्यावर खोक्यांत पडून होतं. १९७७मध्ये ती गेल्यावर मुलाच्या कुटुंबाला ते सापडलं: सुमारे साठ हजार निगेटिव्ह आणि प्रिंट. ती युद्धाबद्दल घरी बोलतच नसे.

मैत्रिणीला आधी लीचा 'पोर्ट्रेट ऑफ स्पेस' हा फोटो दाखवा. १९३७मध्ये इजिप्तच्या वाळवंटात काढलेला: फाटलेली जाळी, तिला अडकवलेली रिकामी चौकट, पलीकडे सगळं उघडं. त्यात माणूसच नाही, त्यामुळे पोझचा वाद आपोआप बाजूला पडेल.