खानापूरच्या जंगलाला मातृभाषा असते का?

मलप्रभाकाठ:
यंदा आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं पोरांनी सीमाभागाचा भाषानकाशा लावला. तालुक्यात ज्या भाषेची माणसं जास्त, तिचा रंग अख्ख्या तालुक्याला. खानापूर सगळं केशरी, म्हणजे मराठी. लोकांनी फोटो काढले, माझं मात्र डोकं फिरलं. पारिश्वाड-इटगीकडं चार दिवस राहून या, मग दाखवा केशरी कुठं आहे ते. आणि पश्चिमेला कणकुंबी-भीमगडचं रान. माणूस विरळ, पण रंग खातंय भरपूर. झाडं मराठी बोलतात काय ओ? उलट बेळगाव शहरात लाखांनी माणसं, नकाशावर लिंबाएवढं.

ही खोड जुनी आहे. १८२६ साली शार्ल द्युपँनं फ्रान्सचे जिल्हे तिथल्या शालेय शिक्षणाप्रमाणे फिकट-गडद रंगवले, तिथपासूनची. चारच वर्षांनी, १८३० मध्ये, मोंतिझोंनं दर १०,००० माणसांमागं एक ठिपका दिला. भाषेचे नकाशे ठिपक्यांचेच हवेत. रंगाचे बंद करा.

टिळकवाडी तिसरं गेट:
बंद करा म्हणे! द्युपँचं अर्धंच सांगितलंत. उत्तर फ्रान्स उजळ, दक्षिण काळा. सेंट मालो ते जिनिव्हा अशी रेघच लोकांच्या डोळ्यांत भरली आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झडले. तेच आकडे तक्त्यात पडून राहिले असते तर कोण भांडलं असतं? विल्यम प्लेफेअरनं १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेघा काढल्या त्याही याचसाठी. रकाने वाचून आकडे डोक्यात राहत नाहीत. मांडवात माणूस आरतीआधी पाच मिनिटं उभा राहतो, त्याला ठिपके मोजायला बसवता?

आणि तुमच्या मोंतिझोंनं ठिपके जिल्हाभर सारखेच शिंपडले होते. म्हणजे जंगलालाही वाटा मिळालाच.

मलप्रभाकाठ:
ते मान्य. जिल्हा सोडून गाव धरा, मग ठिपका जागेवर बसेल. पण आकडे डोक्यात राहत नाहीत हे सीमाभागात बसून सांगू नका. सीमावादावरच्या महाजन अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकला, हे आमच्या आज्ज्याला चित्राशिवाय पाठ होतं.

टिळकवाडी तिसरं गेट:
राग होता म्हणून पाठ होतं. राग नसलेल्या पोरांना दाखवायला नकाशाच लागतो. डॉक्टर जॉन स्नोनं लंडनच्या नकाशावर कॉलऱ्याचे मृत्यू मांडले तेव्हाच रोग पसरवणारा पाण्याचा पंप सापडला ना?

निपाणीची लेक:
नाही हो, सगळे असंच सांगतात. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला ८ सप्टेंबर १८५४ ला, तो प्रसिद्ध नकाशा नंतरचा. त्याआधी स्नो मेलेल्यांच्या घरी जाऊन पाणी कुठलं प्यायचे हे विचारत फिरला होता. नकाशा लोकांना पटवायला उपयोगी पडला, शोधायला नाही.

तुम्ही दोघं रंग की ठिपके यावर भांडताय, पण मुळात विचारलं काय जातं? जनगणनेत मातृभाषा एकच लिहायची. येणाऱ्या इतर भाषा वेगळ्या रकान्यात, आणि तो रकाना नकाशावर कुणी काढतच नाही. माझं सासर चिकोडीकडं. सासूबाई माझ्याशी मराठी, नणंदेशी कन्नड, बाजारात दुकानदाराचं तोंड बघून ठरवतात. त्यांचा ठिपका कुठल्या रंगाचा?

टिळकवाडी तिसरं गेट:
मग त्या फ्रेंच नकाशेवाल्या मिनारसारखं करा. त्यानं १८५८ मध्ये पॅरिसला कुठून किती मांस जातं ते नकाशावर जागोजागी वाटोळी काढून दाखवलं, प्रत्येकात वाटे पाडून. गावागावावर तशी वाटोळी ठेवा.

मलप्रभाकाठ:
एका माणसाचे वाटे कसे पाडणार? ताई, सासूबाईंनी स्वतः मातृभाषा काय सांगितली होती?

निपाणीची लेक:
विचारलं मी त्यांना. म्हणाल्या, "मला कुठं विचारलं गं? मास्तर आला, आडनाव ऐकलं, लिहून गेला."