मदत हवी आहे: मॉडेल कारवाल्यांची भाषा (ओओबी, पीई, सीए, बीएमएफ...) कोणी मराठीत नीट सांगेल का?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात धायरीत राहतो, गेले सात-आठ महिने प्लास्टिकच्या मॉडेल कार जोडायचा नाद लागलाय. दोन गाड्या झाल्या, तिसरी टेबलावर आहे, १/२५ ची (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी) अमेरिकन मसल कार, मामेभावाने येताना आणली. जोडायचं जमतं, अडतं ते भाषेवर. तिकडचे बिल्डर जे लिहितात त्यात निम्मी नुसती अक्षरं असतात आणि त्यातलं एक चुकीचं धरलं की पार्ट गेलाच.

माझं काय झालं सांगतो. पुढची काच कशाने चिकटवू असं विचारलं, तर एका ओळीत उत्तर आलं, काचेला पीव्हीए, पीईला सीए. मी घाईघाईत सीए म्हणजे सुपरग्लू एवढंच शोधलं आणि तेच काचेला लावून मोकळा झालो. सकाळी बघतो तर काचेच्या कडेने आतून पांढरट पट्टा, आरशावर वाफ धरते ना तसा, पण पुसून जात नाही. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ आसपास बसते आणि पारदर्शक पार्टवर ती लगेच दिसते हे मग वाचलं. आणि पीव्हीए म्हणजे काय, तर आपला पांढरा फेविकॉल! मुलीच्या क्राफ्टच्या खोक्यात बाटली होती हो. फार वाईट वाटलं, त्या किटची सुटी काच इथे कुठून आणू.

मला आत्तापर्यंत जे लागलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. ओओबी म्हणजे खोक्यात जे आलं तेवढ्यावरच गाडी करायची, बाहेरचा पार्ट नाही, रंग आणि गोंद अर्थात आपला. यालाच बॉक्स स्टॉकही म्हणतात, पण नुसतं स्टॉक म्हटलं तर कंपनीतून खरी गाडी जशी बाहेर पडली तशी, हे दोन वेगळे आहेत हे कळायलाच मला महिना गेला. डब्ल्यूआयपी म्हणजे काम चालू आहे. कर्बसाइड म्हणजे इंजिन नाही, बॉनेट बंद. किटबॅश म्हणजे दोन-तीन किटचे पार्ट एकत्र करणं, ज्यातून पार्ट काढले ते डोनर किट. स्क्रॅचबिल्ट म्हणजे शीट, पट्ट्या कापून स्वतः घडवलेलं. ग्लूबॉम्ब म्हणजे कोणीतरी पूर्वी भसाभसा गोंद ओतून जोडलेलं जुनं मॉडेल, ते सोडवून परत उभं करणारे लोक आहेत, त्यांना खरंच नमस्कार. पीई म्हणजे पितळेच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्यातून ॲसिडने कोरलेले बारीक पार्ट, जाळी, बॅज, वायपर. बीएमएफ म्हणजे बेअर मेटल फॉइल, मागून चिकट असलेला अगदी पातळ वर्ख, काचेभोवतीच्या क्रोम पट्ट्यांवर लावून टूथपिकने दाबायचा आणि कोऱ्या ब्लेडने कडेने कापायचा.

आता अडलंय ते असं. स्प्रू, फ्लॅश, सिंक मार्क हे सगळे एकच दोष आहेत का वेगळे? टामिया या जपानी कंपनीच्या रंगांवर टीएस, एक्स, एक्सएफ असतं त्यात कशावर काय मारायचं? मी ऑगस्टमध्ये बाल्कनीत स्प्रे मारला तर काळा रंग दुधाळ झाला, त्याला ब्लश म्हणाले, तो का येतो? आणि जपानी १/२४ किटची चाकं माझ्या १/२५ ला चालतील का?

प्रतिसाद १
अरे, यातले निम्मे शब्द तुला भोसरीत कुठल्याही मोल्डिंगच्या शेडमध्ये मिळतील, माझी तीस वर्षं त्यातच गेली. हे मॉडेलवाल्यांचे शब्दच नाहीत, आमचे आहेत. वितळलेलं प्लास्टिक मशीनमधून साच्यात ज्या मुख्य नळीने शिरतं ती स्प्रू, तिथून फाटे फुटतात ते रनर, आणि रनर जिथे पार्टला चिकटतो तो बारीक बिंदू म्हणजे गेट. मॉडेलवाले अख्ख्या चौकटीलाच स्प्रू म्हणतात, म्हणू देत. तू कटर लावतोस तो गेटवर, पण पार्टला अगदी खेटून कापू नकोस, थोडं ठेव आणि मग घास, नाहीतर खड्डा पडतो. फ्लॅश म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांच्या फटीतून बाहेर आलेला पापुद्रा, साचा झिजला किंवा नीट दाबला गेला नाही की येतो, म्हणून जुन्या साच्यातून परत काढलेल्या किटला जास्त दिसतो. तो ब्लेडने खरवडला की झालं. सिंक मार्क वेगळा, जिथे प्लास्टिक जाड तिथे ते शेवटी थंड होतं आणि आकसतं, वर खळगा पडतो, तो पुट्टीनेच भरायचा. गोल गोल ठसे दिसतात ते इजेक्टर पिनचे, पार्ट साच्यातून ढकलून काढणाऱ्या.

काच टाकू नकोस. बोहरी आळीतून २००० नंबरचा पॉलिश पेपर आण, पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरव, मग रबिंग कंपाउंड मऊ कापडाने. वरवरचं धुकं असेल तर निघतं.

प्रतिसाद २
काकांनी छान सांगितलंय, मी रंगाचं सांगते. टीएस म्हणजे स्प्रेचा डबा, लॅकर, म्हणजे थिनरमधला झपाट्याने सुकणारा रंग. एक्स म्हणजे बाटलीतला चकचकीत ॲक्रिलिक, एक्सएफ म्हणजे मॅट, एलपी म्हणजे बाटलीतलं लॅकर. पीएस आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतो, तो किटवर मारायचा नाही, डबा सारखाच दिसतो म्हणून सांगतेय. इनॅमलवर, म्हणजे हळू सुकणाऱ्या तेलकट रंगावर, लॅकर मारू नका, खालचा रंग सुरकुततो, उलटं चालतं.

ब्लश म्हणजे पावसाळ्यातली आपली हवा. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंगात अडकतो. मी तर आषाढ-श्रावणात फक्त घासकाम आणि पीई करते, लॅकर नवरात्रानंतर. तुमचा दुधाळपणा कोरड्या दिवशी क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी लॅकरचा, पातळ हात मारून बऱ्याचदा जातो, आधी आतल्या बाजूला करून बघा.

चाकांचं म्हणाल तर अॅम्बेसेडर धरा, लांबी ४३२५ मिमी. १/२४ ला १८० मिमी, १/२५ ला १७३. अख्ख्या गाडीत सात मिमीचा फरक, चाकात एक मिमीच्या आसपास, आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या कमानीत, फिरतंय का ते गोंद न लावता कोरडं बसवून बघा, बसलं तर बिनधास्त वापरा.

धागाकर्ता
काका, ताई, मनापासून आभार. रविवारी बोहरी आळीतून पेपर आणला, कडेचा बोटभर भाग घासून कंपाउंड फिरवलं, दिव्यासमोर धरली तर पलीकडची रेष सरळ दिसते आता! खालच्या कोपऱ्यात अजून थोडं धुकं आहे, तिथे पेपर पोचत नाही, तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला कंपाउंड लावून चालेल का? तोवर बॅज आणि जाळी सीएने लावून पूर्ण सुकवून घेतो, काच सगळ्यात शेवटी फेविकॉलने.