लेप्रोमिन चाचणी परत आणावी का?

पंचवटीकर (निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ):
भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिने विचारलं, "मामा, लेप्रोमिन हे औषध आहे का?" फार लागलं मनाला. कुष्ठरोगाच्या जंतूशी शरीर झुंजतंय की नाही, हे जी चाचणी दाखवते ती या मुलीला कोणी दाखवलीच नाही.

मृत जंतूंचं ०.१ मिली द्रावण हाताच्या आतल्या बाजूला, कातडीतच टोचायचं. ४८ तासांनी एकदा बघायचं, ती फर्नांडिस प्रतिक्रिया. खरं उत्तर मात्र २१ ते २८ दिवसांनी उठणाऱ्या गाठीत, म्हणजे मित्सुदा प्रतिक्रियेत. लाली मोजायची नाही, कडकपणा मोजायचा. आम्ही बॉलपेन बाहेरून गाठीकडे हळूहळू ओढत न्यायचो, टोक अडलं की थांबायचो. दुसऱ्या बाजूनेही तसंच, मग मधलं अंतर पट्टीने. एक-दोन बधिर चट्टे असलेल्याच्या हातावर टणक गाठ यायची. कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, अंगभर जंतू पसरलेल्या माणसाचा हात मात्र सपाट! ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याचंच शरीर गप्प. हे एकदा बघितलं की हा आजार कळतो. निदान मोठ्या रुग्णालयांत तरी ही चाचणी परत सुरू करा.

सुरगाण्याचा डॉक्टर:
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. लेप्रोमिनने रोगाचं निदान होत नाही. रोग नसलेल्या धडधाकट माणसाचीही मित्सुदा पॉझिटिव्ह येते, बीसीजी घेतल्यावरही येऊ शकते. उपचार ठरतो चट्ट्यांवर आणि नसांवर. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने एमडीटी (अनेक औषधांचा एकत्र उपचार), त्याहून जास्त असतील तर बारा महिने. आणि माझा पेशंट द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरलेला असतो. एकविसाव्या दिवशी त्याला कुठल्या मळ्यात शोधू? तो समोर बसलाय तेवढ्यात मी कोपरामागची नस चाचपतो, डोळे मिटायला लावून चट्ट्याला पेनचं टोक लावतो. त्याला त्या जागी बोट अचूक ठेवता आलं नाही की चट्टा बधिर आहे असं समजायचं.

पीजी विद्यार्थिनी, नाशिक:
द्रावण आणणार कुठून, हाही प्रश्न आहे. हा जंतू प्रयोगशाळेतल्या माध्यमावर वाढत नाही. जपानी डॉक्टर मित्सुदांनी १९१९ मध्ये रुग्णांच्या गाठींपासून ते बनवलं, पुढे आर्माडिलो या प्राण्यात जंतू वाढवून काढलं.

सातपूरची लेक:
माझ्या वडिलांची ही चाचणी झाली होती. गाठ चिघळली, डाग राहिला. आजार बरा होऊन कितीतरी वर्षं झाली तरी ते भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. डाग राहू शकतो, एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर!

पंचवटीकर:
ताई, हे वाचून हात थांबला. आम्हीही सगळ्यांना सांगत होतो असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. चूकच ती. पण डॉक्टर, पाठीवरचा सहावा चट्टा नजरेतून सुटला तर तुमचं गणित चुकतंच ना?

सुरगाण्याचा डॉक्टर:
चुकतं, म्हणून अंगावरचे कपडे काढून, उजेडात तपासायचं. तरी शंका राहिली तर कानाच्या पाळीचा स्मिअर घ्यायचा, म्हणजे बारीक छेद देऊन नमुना काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायचे. त्यासाठी तीन आठवडे थांबावं लागत नाही.

पंचवटीकर:
स्मिअर जंतू किती आहेत ते सांगतो. शरीर त्यांना ओळखतंय का, ते सांगत नाही. त्यामुळे शिकवण्यापुरती तरी ही चाचणी हवी, या मतावर मी ठाम आहे. फक्त आधी डागाचं सांगायचं आणि पेशंटने नको म्हटलं तर सुई बाजूला ठेवायची.