मदत हवी आहे: सोसायटीच्या मिनिट्समध्ये 'वॉज' लिहायचं की 'इज'?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. यंदा सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय. सभासद मराठी, गुजराती, मल्याळी असे सगळेच आहेत, त्यामुळे मिनिट्स इंग्रजीत ठेवायची पद्धत पडली आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी पाचवीपासून. डायरेक्टचं इनडायरेक्ट करणं शाळेत भरपूर घोटून घेतलेलं, नियम अजून पाठ आहेत. पण शाळेत वाक्य बदललं की मार्क मिळायचे, इथे त्याच वाक्यावरून वाद होतोय.

झालं असं, की कमिटी मीटिंगमध्ये सातव्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "माझ्या बेडरूमच्या भिंतीतून पाणी झिरपतंय." मी लिहिलं, 'द मेंबर सेड दॅट वॉटर वॉज सीपिंग थ्रू हिज बेडरूम वॉल.' पुढच्या मीटिंगला मिनिट्स कायम करायला घेतले, तेव्हा काकांनी हरकत घेतली. "वॉज म्हणजे होतं. आता नाही, असाच अर्थ झाला ना? उद्या हे कागद उपनिबंधकांकडे गेले तर माझी तक्रार मिटली असं वाचतील." खजिनदारांचं म्हणणं, 'सेड' भूतकाळात आहे तर आतलं क्रियापदही भूतकाळातच हवं, नियम म्हणजे नियम.

मला काकांची काळजी रास्त वाटते. मी स्वतः जाऊन भिंत पाहिली आहे. रंगाचे पोपडे नुसत्या बोटाने सुटतात, कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. त्या माणसाची तक्रार माझ्या व्याकरणामुळे कागदावर कमकुवत होऊ नये, एवढीच इच्छा आहे. मग 'इज' लिहिलं तर चालेल का?

त्याच ओघात आणखी थोडं. जुन्या रजिस्टरमध्ये 'द चेअरमन टोल्ड दॅट आय विल टॉक टू द कॉन्ट्रॅक्टर' असं वाक्य आहे आणि खाली सही सेक्रेटरीची. मराठीत 'चेअरमन म्हणाले की मी बोलतो' यात कुणाचाच गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र हा 'आय' सही करणाऱ्याच्या गळ्यात पडतो, हे मला कळतं. पण 'टोल्ड दॅट' बरोबर आहे का? 'आस्क्ड दॅट व्हाय इज द टँकर लेट' हेही जागोजागी दिसतं. आणि चेअरमन 'उद्या प्लंबर येईल' म्हणाले, तर त्या 'उद्या'चं काय करायचं? मिनिट्स लोकांच्या हातात पडेपर्यंत तो उद्या कधीच उलटून गेलेला असतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिचे मिनिट्स सगळ्या सभासदांकडे जातील. त्याआधी हे नीट समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

बरीच वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलंय, त्या अनुभवावरून लिहिते. तुमचं 'वॉज' बरोबर आहे. आतलं क्रियापद मागे सरकतं ते 'सेड'मुळे, गळती थांबल्यामुळे नाही. गोष्ट अजून खरी असेल तर 'इज'ही व्याकरणाला चालतं. मात्र 'इज' लिहिलंत की गळती आहे असं तुम्हीही मानता, असा सूर लागतो. 'वॉज'मध्ये म्हणणं फक्त बोलणाऱ्याचं राहतं. मिनिट्सला तेच योग्य, सेक्रेटरीने स्वतःची साक्ष त्यात मिसळू नये. काकांची शंका दूर करायला पुढे आणखी लिहा: 'अँड दॅट नो रिपेअर्स हॅड बीन कॅरीड आउट.' मग वेगळ्या वाक्यात, 'द कम्प्लेंट इज पेंडिंग.' हे दुसरं वाक्य कुणाचं बोलणं नाही, दप्तरातली सद्यस्थिती आहे, म्हणून तिथे 'इज'.

काळापेक्षा जास्त जपायला हवं ते रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे 'सेड'सारखं 'म्हणाले' सांगणारं क्रियापद. 'क्लेम्ड' लिहिलंत तर काकांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. 'पॉइंटेड आउट' लिहिलंत तर त्यांचं म्हणणं खरं धरल्यासारखं. 'स्टेटेड' दोन्हीकडे झुकत नाही. तक्रारच असेल तर 'कम्प्लेन्ड' लिहायला काहीच हरकत नाही.

'टोल्ड'ला कुणाला सांगितलं ते लागतंच: 'टोल्ड द मेंबर्स दॅट ही वुड टॉक टू द कॉन्ट्रॅक्टर.' ते नको असेल तर 'सेड दॅट'. प्रश्नात 'दॅट' येत नाही आणि शब्दक्रमही साध्या विधानाचा होतो: 'आस्क्ड व्हाय द टँकर वॉज लेट.' हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर 'आस्क्ड व्हेदर'. 'टुमॉरो'चं शाळेत 'द नेक्स्ट डे' करायला शिकवतो, पण मिनिट्समध्ये सरळ तारीख घाला. सहा महिन्यांनी कागद उघडणाऱ्याला मीटिंग कधी झाली ते शोधत बसायला लागू नये.

जाता जाता एक. ठराव हा इनडायरेक्ट स्पीच नव्हे. 'इट वॉज रिझॉल्व्ड दॅट अ प्लंबर बी अपॉइंटेड' यातलं 'बी' कुणी 'इज' करायला सांगितलं तर करू नका, ते तसंच शुद्ध आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार, बाई. साक्ष मिसळू नये हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. काकांना तुमची दोन्ही वाक्यं दाखवली, त्यांना ती मान्य आहेत. फक्त त्यांचं आणखी एक वाक्य नोंदवायचं राहिलंय: "कमिटीने मे महिन्यात गच्ची दुरुस्त केली असती तर भिंतीला ओल आली नसती." इथे काळ आणखी मागे कसा न्यायचा?

प्रतिसाद

न्यायचाच नाही. 'हॅड रिपेअर्ड' आणि 'वुड नॉट हॅव' याच्या मागे जागाच नाही, ते जसंच्या तसं राहतं. 'ही सेड दॅट इफ द कमिटी हॅड रिपेअर्ड द टेरेस इन मे, द वॉल वुड नॉट हॅव बिकम डॅम्प.' महिन्यापुढे वर्षही घाला.