पिग्मीचे २३ फोन: बदलायचे की अजून दोन वर्षं चालवायचे?

खाडीकाठ

देवगड तालुक्यातली आमची पतसंस्था, नाव सांगत नाही. पिग्मी, म्हणजे सभासदांची रोजची छोटी बचत, दारोदार फिरून गोळा करणाऱ्या एजंटांना संस्थेने दिलेले २३ फोन माझ्या रजिस्टरात आहेत. दर दोन वर्षांनी सगळे बदलायचे अशी आमच्याकडे वहिवाट आहे. ती कोणी पाडली कुणाला आठवत नाही. पहिल्या लॉटची वॉरंटी संपली तेव्हा एखाद्या संचालकाने मान डोलावली असेल, पुढे तीच रीत झाली. येत्या मासिक सभेत नव्या २३ फोनांचं कोटेशन येतंय आणि मी विरोध करणार आहे. आधी इथे मांडते, म्हणजे तिथे तोंडघशी पडायला नको.

परत आलेले जुने फोन आमच्याकडे कपाटात जातात. परवा ते कपाट उघडलं. आधीच्या दोन लॉटचे ४१ हँडसेट निघाले. चारांच्या बॅटऱ्या फुगून मागची झाकणं उचकटलेली. बाकीचे चार्जिंगला लावले तर निम्म्याहून जास्त जिवंत! एजंटांची तेव्हाची तक्रार एकच होती, "चार्ज टिकत नाही".

साध्या फोनची लिथियम बॅटरी पाचशेच्या आसपास वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. पिग्मीवाला रोज एकदा तरी ती पुरती संपवतो. म्हणजे दीड वर्ष झालं की रडगाणं सुरू. आमची दोन वर्षांची वहिवाट हे बॅटरीचं वय आहे, ते आम्ही फोनचं समजून बसलोय.

फोनच्या आयुष्यभरातल्या कार्बनपैकी बहुतेक सगळा तो आपल्या हातात येण्याआधीच सुटलेला असतो. अ‍ॅपलच्या स्वतःच्या अहवालांत हा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास दिसतो. चार्जिंगची वीज त्यापुढे किरकोळ. आणि संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. आमचे ४१ त्यातही नाहीत. ते जुन्या पासबुकांखाली आहेत.

माझा प्रस्ताव: बॅटऱ्या बदला, फोन चार वर्षं चालवा. बोला.

पायपीट

मी दुसऱ्या संस्थेचो एजंट. वैनी, तुमचा गणित बरोबर आसा, पण ता हापिसातला. मी सकाळी आठाक भायर पडतंय. आधी बाजारपेठ, मगे बंदर, मगे वाडी. प्रिंटर चालू, जीपीएस चालू, नेट चालू. दोन वाजता फोन मान टाकता. पावती निघाली नाय तर म्हातारी पैशे देयत नाय, आणि तिणा देवचे तरी कशाक?

गेल्या पावसात माझो फोन हँग झालो, एकाची एन्ट्री दोनदा पडली. संध्याकाळी कॅश जुळली नाय. फरक कोणी भरलो? मीच. पर्यावरण वाचला तुमचा, खिसो फाटलो माझो.

पॅचवाला

दोघांचंही बॅटरीवर अडलंय. खरा प्रश्न अपडेटचा आहे. त्या फोनात सभासदांची शिल्लक, मोबाइल नंबर, कदाचित आधारही असेल. कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झाले की फोन वरून ठणठणीत आणि आतून दार सताड उघडं. पिक्सेल ८ पासून गूगलने आणि गॅलॅक्सी एस २४ पासून सॅमसंगने सात वर्षं अपडेट देऊ म्हटलंय, पण पतसंस्था ते फोन घेत नाही. दहा हजारांच्या फोनला एवढं आयुष्य क्वचितच मिळतं. त्यामुळे "चार वर्षं" हा आकडा हवेतला आहे. प्रत्येक फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सुरक्षा पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची, तारीख बघा. ज्याची थांबली तो उद्यापासून पिग्मीसाठी बाद, बॅटरी कितीही नवी घाला.

खाडीकाठ

@पॅचवाला, हे डोक्यात आलंच नव्हतं. आज बारा एजंट ऑफिसात आले होते, त्यांचे फोन तपासले. आठांचा पॅच गेल्या दोन महिन्यांतला. चारांचा दीड वर्षापूर्वीचा, आणि हे चारही एकाच मॉडेलचे. त्या वेळी स्वस्त पडतात म्हणून ते मीच सुचवले होते. मुकाट्याने लिहून टाकते.

सोल्डर

कणकवलीला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. आमच्या भागात फोन बॅटरीने मरतो त्याहून जास्त चार्जिंगच्या भोकाने मरतो. खारी हवा, घाम, त्यात पावसाळा. पिना हिरव्या पडतात, मग चार्जर "धरत नाही", मग माणूस केबल तिरकी करून दाबतो, आणि भोक सैल होतं. बंदरावर फिरणाऱ्याचा फोन आणि तळेबाजारच्या दुकानदाराचा फोन एकाच वयाचे असले तरी आतून बघा, ओळख पटणार नाही. बऱ्याच स्वस्त फोनांत चार्जिंगची पट्टी वेगळी असते, ती अर्ध्या तासात बदलते. काहींत मेन बोर्डालाच डाग दिलेला असतो, तिथे मी हात जोडतो. पुढचे फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारू नका, चार्जिंग पट्टी सुटी आहे का ते विचारा.

दुसरं, बॅटरी नवी म्हणून कुठलीही भरू नका. बाजारात "ओरिजिनल" लिहिलेल्या डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि आयएस १६०४६ हा क्रमांक बघा, तोही खोटा छापतात, म्हणून बिल घ्या. आणि एकदा फोन उघडला की कंपनीचं पाणीरोधक सील गेलं. मी नवा गोंद लावतो, पण पहिल्यासारखं होईल अशी हमी देत नाही. देणारा खोटं बोलतो.

मे महिन्यात बाइकच्या हँडलला फोन लावून फिरणाऱ्यांबद्दल काय बोलू. बॅटरीला उन्हासारखा वैरी नाही. आणि भिजलेला फोन कृपा करून तांदळाच्या डब्यात घालू नका. पाणी आत राहतंच, वर कोंडा पोर्टात जातो. बंद करा, चार्जर लावू नका, घेऊन या. समुद्राचं पाणी असेल तर त्याच दिवशी या.

खाडीकाठताई, ते फुगलेले चार आजच्या आज कागदांच्या कपाटातून बाहेर काढा. टोचू नका, दाबू नका, चार्ज तर मुळीच करू नका. बाकी चर्चा मग.

खाडीकाठ

काढले. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून मागच्या पडवीत ठेवलेत. शिपायाने विचारलं, "ताई, ह्येंका काय पुरतास?"

उलट_सुलट

एवढा खटाटोप कशाला? एजंटाला स्वतःचाच फोन वापरू द्या आणि महिन्याला भत्ता द्या. एका खिशात दोन फोन हाच मोठा कचरा.

पायपीट

माझ्या फोनार झीलाचो गेम आणि बायलेच्या मावशेचे फोटो. तेच्यात तुमची पिग्मी खंय घालू? आणि भत्तो मागच्या खेपेकपण दितले म्हणालेले.

पॅचवाला

अँड्रॉइडमध्ये कामाचं वेगळं प्रोफाइल करता येतं. एजंट सोडून गेला तर तेवढंच पुसता येतं, फोटो राहतात. पण स्वतःच्या फोनला पॅच येत नसेल तर संस्था त्याला "नवा घे" म्हणणार, म्हणजे खर्च पुन्हा एजंटाच्या गळ्यात. कल्पना वाईट नाही, भत्ता लेखी हवा.

हिशेबनीस

कंपनी कायद्यात ऑफिसच्या उपकरणांचं आयुष्य साधारण ५ वर्षं धरलंय. पतसंस्था सहकार कायद्याखाली येते, तुम्हाला ते लागू नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, तोही कोटेशनात बघा. मात्र तुमच्या बाजूने एक खड्डा दिसतोय. २३ फोन, पाच मॉडेल, प्रत्येकाची बॅटरी वेगळी, कुणाचा कधी दुरुस्तीला गेला याची नोंद तुम्ही ठेवणार. ते तास कुणी मोजलेत? एकगठ्ठा बदलण्यात आळस आहे हे मान्य, पण आळसालाही किंमत असते.

रानवाट

मला या धाग्याचा सूरच खटकतोय. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, आठवतंय? फोन जुने झालेले, मेमरी अपुरी, नवं अ‍ॅप त्यात धड चालेना, आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर. त्यांना कुणी "तुम्ही ई-कचरा वाढवताय" म्हणून सुनावलं असतं तर कसं वाटलं असतं? काटकसर, टिकाऊपणा, निसर्ग, हे सगळं नेमकं उन्हात फिरणाऱ्याच्याच हातातल्या फोनापासून का सुरू होतं? तुमच्या मॅनेजरचा फोन किती वर्षांनी बदलतो, ते रजिस्टरात बघून सांगा.

खाडीकाठ

बघितलं. दीड वर्षाने. जुना पोराला.

@रानवाट, रास्त आहे. पण त्या उदाहरणातून मला उलट अर्थ निघतो. तिथे फोन जुना होता, हे अर्धंच. तो जुना होत असताना सांभाळायला पैसे ठेवले नव्हते आणि अ‍ॅप मात्र वाढत गेलं. नवा फोन घेऊन हे दोन्ही तसंच ठेवलं तर तीन वर्षांनी पुन्हा तेच.

रानवाट

पैसे ठेवतील हे तुम्ही गृहीत धरताय. मी ठराव झालेले पाहिलेत आणि बजेट न आलेलंही पाहिलंय. फोन चार वर्षं चालवायचा ठराव पहिल्याच सभेत पास होईल, बॅटरीचं बिल मात्र तीन सभा फिरेल. तोवर पायपीट दुपारी दोनला चहाच्या टपरीवर चार्जर मागत उभा.

पायपीट

टपरीवालो दहा रुपये घेता चार्जिंगाचे. लिवा ताव.

पॅचवाला

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे: फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावरही ८० टक्के हवी, महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं मिळायला हवेत, अपडेट किमान पाच वर्षं. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यावर कंपन्यांची माहिती आहे, सक्ती नाही.

सोल्डर

पोर्टलवरून पट्टी येत नाही. पट्टी मुंबईहून रातराणीने येते.

सुटे फोन ठेवा हेच माझं म्हणणं. कपाटातल्या चालू फोनांपैकी ज्यांना पॅच येतोय असे चार निवडा, बॅटऱ्या घाला. एजंटाचा फोन माझ्याकडे आला की तोवर हा घेऊन जाईल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कोल्हापूरला पाठवलात तर आठवडा धरा, पावसात घाट बंद असेल तर देवाचं नाव घ्या. उरलेले भंगारवाल्याला किलोवर विकू नका, नोंदणीकृत रिसायकलरला द्या आणि पावती घ्या. एप्रिल २०२३ पासूनचे ई-कचरा नियम तेच सांगतात.

खाडीकाठ

ठराव नव्याने लिहिला. "चार वर्षं" खोडलं. पॅच थांबलेले फोन आत्ताच बदलायचे, बाकीच्यांना बॅटरी आणि पट्टी, पुढची खरेदी अपडेटची मुदत लेखी मिळाली तरच. चार सुटे फोन कायम. नव्या खरेदीतून वाचेल त्यातली तिसरा हिस्सा रक्कम दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात, म्हणजे बिल सभा फिरणार नाही. मॅनेजरसाहेबांच्या फोनलाही हाच नियम.

पायपीट

आणि फोन हँग होवन कॅशीत फरक इलो तर?

खाडीकाठ

तेही घातलं होतं: फोनच्या दोषाने पडलेला फरक संस्था भरेल. टाइप करून मॅनेजरसाहेबांना दाखवलं, त्यांनी तेवढीच ओळ लाल पेनाने खोडली. स्वतःच्या फोनची राहू दिली, बहुधा वाचली नाही. सभा गुरुवारी आहे. सभेपुढे जाणाऱ्या प्रतीत ती ओळ मी हाताने परत लिहिलीय.