औंधचं भलं झालं, शहराचं काय?

पेठकर: परवा कुणीतरी लिहिलंय, "स्मार्ट सिटीनं पुणं बदललं, टीकाकारांना फक्त खोट काढायची असते." राहवलं नाही म्हणून लिहितोय. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या जानेवारी २०१६च्या पहिल्या यादीत भुवनेश्वरच्या पाठोपाठ आपण दुसरे, कॉलर ताठ! आणि पैसा ओतला कुठं? औंध-बाणेर-बालेवाडीत. आधीच पोट भरलेल्याला जिलेबी. कारभार योजनेसाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीकडं, त्यामुळं नगरसेवकाला विचारावं तर तो म्हणणार, "कंपनीला विचारा."

औंधची सून: जिलेबी म्हणे! सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. परिहार चौकातून ब्रेमेन चौकाकडं काठी टेकत एकट्या जातात, रुंद फुटपाथ झाला म्हणून. तुमच्या पेठेत जाऊन दाखवा म्हणावं.

दुकानदार: फुटपाथ रुंद, आणि गिऱ्हाइकानं गाडी डोक्यावर लावायची का? माझ्या दारातलं पार्किंग गेलं, निम्मा धंदा गेला.

औंधची सून: रस्ता तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? संध्याकाळी तुमच्याच गिऱ्हाइकांच्या ॲक्टिव्हा फुटपाथवर चढतात. गेल्या महिन्यात एकीचा आरसा सासूबाईंच्या कोपराला लागला. वर तो पोरगा म्हणतो, "आजी, बघून चाला ना!"

दुकानदार: त्या पोराचं मी काय करू? भाडं मी भरतो, तुमच्या सासूबाई नाही.

पेठकर: अहो, मूळ मुद्दा...

सोलापुरी: चालू द्या तुमचं पार्किंग. त्याच यादीत आम्ही नववे होतो बरं का. रंगभवनाकडचा रस्ता नटला, होम मैदान सजलं. नळाला पाणी मात्र चार दिवसाआड. आमच्या गल्लीत ते रात्री दीडला येतं. मोटारी एकदम चालू होतात, अन् ज्याच्याकडं मोटार नाही तो घागर घेऊन धारेकडं बघत बसतो. पाहुणा फोन करून "येऊ का?" म्हणाला की आई आधी टाकीचं झाकण उघडून बघते.

बाणेरवासी: अर्धवट सांगू नका. उजनी धरणावरून सोलापूरला येणाऱ्या समांतर जलवाहिनीलाही स्मार्ट सिटीचाच पैसा आहे.

सोलापुरी: आहे, मान्य. वाहिनीचे फोटो फार छान आलेत. आता त्यातलं पाणी आमच्या गल्लीत यायचं तेवढं राहिलंय.

पेठकर: बरं, सासूबाईंचा फुटपाथ मीही मान्य करतो. पण योजना मार्च २०२५ला मिटली. आता तो उखडला तर कुणाला विचारायचं?

दुकानदार: उखडला तर पार्किंग करा.