इनलाइन स्केट्सच्या फ्रेममध्ये सस्पेन्शन बसवायचंय, कोणी केलंय का?

चाकोरीबाहेर, पुणे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे मेकॅनिकलवाले आणि स्केटिंगवाले दोन्ही असतात म्हणून टाकतोय.

माझे स्केट्स साधे ४×८० चे (८० मिमीची चार चाकं) आहेत, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, चाकं ८५ ए कडकपणाची. रिंकवर एकदम मख्खन चालतात पण मला रिंकवर गोल गोल फिरायचा कंटाळा येतो, मी पहाटे रस्ते रिकामे असताना बाहेर काढतो. प्रॉब्लेम असा की आमच्याकडे मेन रोड डांबरी, त्यातही खडी वर आलेली, आणि बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक. अर्ध्या तासात तळपायाला मुंग्या येतात आणि नडगीत दुखायला लागतं.

आता फायनल इयरचं प्रोजेक्ट पण ठरवायचंय, म्हणून म्हटलं एका दगडात दोन पक्षी. डोक्यात असं आहे की चारही चाकांना स्वतंत्र स्विंग आर्म द्यायचा, प्रत्येकाला एक छोटी कॉइल स्प्रिंग, बाईकच्या मोनोशॉकसारखं. कॅडमध्ये भारी दिसतंय. गाईड सर म्हणाले कर पण वजन बघ, बस्स, यापुढे काही बोलले नाहीत.

प्रश्न: स्प्रिंग घ्यावी का रबर? ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती हलेल ते) किती ठेवू? आणि बाजारात असं काही मिळत असेल तर ते सगळे का वापरत नाहीत?

सदाशिव_काका

रस्ते नीट करा म्हणून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, स्वस्तात पडेल. (पण त्या अर्जाला उत्तर येईपर्यंत तुझी पोरं स्केटिंग शिकतील.)

भोसरी_एमआयडीसी

काकांचं चालू द्या. चाकोरी, तुझा विषय आवडला म्हणून सविस्तर लिहितो, आज पॉवर नाहीये त्यामुळे मशीनं बंद.

पहिलं म्हणजे तू दोन वेगळे त्रास एकात मिसळतोयस. खडीची जी बारीक थरथर असते ती वेगळी आणि ब्लॉकची उठलेली कड किंवा दगड लागतो तो धक्का वेगळा, दोघांचं औषध एक नाही.

थरथर घे. तू ताशी १८ किमीने चाललायस म्हणजे सेकंदाला ५ मीटर. खडीचे दाणे १०-२० मिमीवर असतात, म्हणजे सेकंदाला २५० ते ५०० ठोके. आता कुठल्याही स्प्रिंगवर वजन ठेवलं की ती जितकी बसते त्यावरून तिची नॅचरल फ्रिक्वेन्सी (स्वतःच्या लयीत सेकंदाला किती वेळा हलते ते, हर्ट्झमध्ये) निघते, १ मिमी बसली तर साधारण १६ हर्ट्झ, ३ मिमी बसली तर ९. थरथर अडायला फ्रिक्वेन्सी याच्या १.४ पटीच्या वर असली पाहिजे, इथे तर ती कितीतरी वर आहे. म्हणजे खडीसाठी तुला मोनोशॉक वगैरे काही नको, १ मिमी दबणारं रबर पुरे.

पेव्हरचं मात्र नीट बघ. २०० मिमीचा ब्लॉक लांबीच्या बाजूने लावला असेल तर १८ च्या स्पीडला २५ हर्ट्झ येतात, आणि तू दमून १२ वर आलास की १६-१७. आता वरचा आकडा परत वाच. १ मिमी बसणाऱ्या रबरावर ते बरोब्बर रेझोनन्सला येतं (ठोक्यांची आणि रबराची लय जुळून हलणं वाढतं), म्हणजे हळू चालवलंस तर विनासस्पेन्शन परवडलं अशी अवस्था. म्हणून पेव्हरसाठी २.५-३ मिमी सॅग (नुसत्या वजनाने बसणं) धर, वरती ४-५ मिमी ट्रॅव्हल ठेव, आणि डॅम्पिंग (उसळी मारणारी सोय) पाहिजेच. कॉइल स्प्रिंगला स्वतःचं डॅम्पिंग जवळजवळ शून्य, एवढ्याशा जागेत ऑइल डॅम्पर बसत नाही, त्यामुळे स्प्रिंगचा विषय माझ्यासाठी तिथेच संपला. रबर किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) घे, ते दबताना थोडी एनर्जी खातं तेच तुझं डॅम्पिंग.

एक गोष्ट पोरं हमखास विसरतात. रबराचा आकार बदलतो, घनफळ बदलत नाही. चारी बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत टाईट बसवलंस तर त्याला फुगायला जागाच नाही, मग ते दगडासारखं वागतं आणि तू म्हणतोस रबर कडक आलं, अजून मऊ आणा. बाजूला मोकळी जागा सोड. आणि कास्टिंग वगैरेच्या नादी लागू नकोस, स्केटबोर्डच्या ट्रकचे (एक्सल धरणारा भाग) पीयूचे बुशिंग ऑनलाइन मिळतात, ७८ ए पासून ९५ ए पर्यंत वेगवेगळ्या कडकपणाचे, तेच टेस्टिंगला वापर.

चार स्वतंत्र आर्मचा विचार सोड. चार पिव्हट म्हणजे चार ठिकाणी प्ले (ढिलेपणा). बुशमध्ये ०.३ मिमी प्ले आला तर ३० मिमी रुंदीच्या पिव्हटवर अर्ध्या अंशाहून जास्त झुकतं, आणि स्केटिंगमध्ये सगळा जोर आडवा असतो, सायकलसारखा सरळ खाली नाही. चाक प्रत्येक पुशला कट-कट करत कलणार. शिवाय पुशच्या शेवटी सगळं वजन पुढच्या एका चाकावर येतं, ती एकटी स्प्रिंग पार बसणार.

त्याऐवजी बोगी कर. ट्रकच्या मागच्या दोन एक्सलना असते तशी, पुढची दोन चाकं एका बीमवर, मागची दोन दुसऱ्यावर, प्रत्येक बीमला मधोमध पिव्हट. एक चाक ५ मिमी उचललं तर पिव्हट २.५ च उचलला जातो, म्हणजे निम्मा धक्का नुसत्या भूमितीने गेला, स्प्रिंग न लावता. उरलेलं रबराने घ्यायचं.

स्केटताई, ठाणे

भोसरी सरांचं गणित माझ्या डोक्यावरून गेलं पण आडव्या जोराचं बोललात ते शंभर टक्के खरं. मी मुलांना शिकवते, फ्रेमचा एक बोल्ट सैल असला तरी मूल रडत येतं, मॅडम स्केट हलतंय. ते हलणं डोळ्याला दिसतही नाही पण पायाला कळतं.

रेसवाले सस्पेन्शन का लावत नाहीत तर त्यांना रस्त्याचा फील पाहिजे असतो आणि ट्रॅक गुळगुळीत असतो. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये २०२३ ला आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही टीमनी ३००० मीटर रिलेचं ब्राँझ आणलं, पुरुषांच्या टीममध्ये विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते, ही मंडळी कडक फ्रेम आणि पायाच्या मापाचे कार्बनचे बूट घालतात. तिथे १ मिमी पण दबलेलं चालत नाही. तुझी गरज वेगळी आहे हे मान्य.

पण चाकोरी, राग मानू नकोस, आधी साध्या गोष्टी केल्यास का रे? ८५ ए चाक बाहेरच्या खराब रस्त्याला कडक आहे, ७८-८० ए लाव. झिजतात लवकर, उन्हाळ्यात डांबर तापल्यावर तर अजूनच, पण तू पहाटे जातोस मग काय. बुटातला इनसोल काढून बघ, नवीन बुटातसुद्धा नुसता पातळ फोम असतो. लेस वरून खालपर्यंत आवळलीस तरी मुंग्या येतात, पंजावर सैल आणि घोट्यावर घट्ट बांध. आणि उभा कसा राहतोस? खडबडीत आलं की एक पाय अर्धा फूट पुढे, गुडघे वाकलेले, वजन मागच्या टाचेवर थोडं जास्त. गुडघा सरळ ठेवणाऱ्याला कसलंही सस्पेन्शन वाचवणार नाही. नडगीचं दुखणं मला तरी रस्त्यापेक्षा स्टान्सचं वाटतंय.

बर्लिनचा_बाळ्या

मूळचा सातारचा, इथे आठ वर्षं झाली. इथे बर्लिन मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इनलाइनवाल्यांची वेगळी मॅरेथॉन होते, तेच ४२ किमी, डांबर असं की पोळी लाटावी. पण बाजूच्या गल्लीत शिरलात की जुने दगडी चौकोनी ठोकळे, त्यावरून स्केट्स घालून जाणं म्हणजे शिक्षा आहे, तुमचे पेव्हर त्याच्यापुढे काहीच नाहीत.

बाजारात काय मिळतं विचारलंयस म्हणून. लोकांनी सस्पेन्शनपेक्षा हवेच्या टायरचा रस्ता धरला. रोलरब्लेडने ९० च्या दशकात कोयोटी नावाचं तीन हवेच्या टायरचं ऑफरोड मॉडेल काढलं होतं. आता पॉवरस्लाइडचे हवेच्या चाकांचे मिळतात, आणि स्काइक म्हणून एक प्रकार आहे, पुढे एक मागे एक मोठं हवेचं चाक, साध्या बुटावर बांधायचं, इथे रिटायर्ड लोक काठ्या घेऊन जंगलातून फिरतात त्यावर. मी चालवलंय, कच्च्या रस्त्यावर मजा येते पण जड आहे आणि डांबरावर ओढल्यासारखं वाटतं, वळायला तर रेड्यासारखं.

दुसरा मार्ग मोठं चाक. ५ मिमीच्या कडेवर ८० चं चाक साधारण २९ अंशाच्या चढावर आपटतं, ११० चं असेल तर २५ च्या आत. फरक फार नाही वाटत पण पायाला कळतो, ३×११० वर गेलो तेव्हापासून मी ४×८० परत घातले नाहीत. तोटा असा की उंची वाढते आणि घोटा बिचारा भरडतो. सस्पेन्शनचंही तेच आहे, जितके मिलिमीटर वर चढशील तितका घोट्यावर ताण.

आणि रबराची आयडिया जुनी आहे बरं का. न्यूयॉर्कच्या प्लिम्प्टनने १८६३ साली चार चाकी रोलर स्केटमध्ये रबराचे तुकडे घातले होते, पण ते झुकून वळता यावं म्हणून, धक्क्यासाठी नाही. माउंटन बाइकच्या पहिल्या काही फोर्कमध्ये पण रबरासारख्या इलॅस्टोमरच्या चकत्याच होत्या, थंडीत कडक व्हायच्या. पुण्यात तेवढी थंडी नाही, जमेल तुझं.

चाकोरीबाहेर

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. ताई, स्टान्सचं ऐकून आज मोबाईलवर व्हिडिओ काढून बघितला, गुडघे खरंच ताठ दिसतायत, चाकंही ८० ए ची मागवतो.

सर, बोगी काढायला बसलो आणि अडकलो. ४×८० मध्ये एक्सलचं अंतर ८१ मिमी आहे, म्हणजे दोन चाकांमध्ये १ मिमी फट, पिव्हटची पिन घालू कुठून? आणि बोगी मोकळी फिरली तर पुढे झुकल्यावर मी तोंडावर नाही का पडणार? अजून एक, मित्र म्हणतो रबरामुळे सगळा जोर वाया जाईल.

भोसरी_एमआयडीसी

हे प्रश्न बरोबर विचारलेस, म्हणजे कागदावर काढलंयस.

पिन एक्सलच्या लेव्हलला घालूच नकोस. चाक गोल आहे, वर गेलं की फट वाढते. एक्सलपासून २५ मिमी वर दोन चाकांमध्ये १८ मिमीच्या वर जागा मिळते, तिथे १० मिमीची डॉवेल पिन आरपार जाते. बोगी हलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या चाकाची पण टक्कर होता कामा नये, ती फट १ मिमीची आहे, म्हणून फ्रेम तीच ठेवून चाकं ७६ ची लाव, सगळीकडे ५ मिमी सुटतात, पिनभोवतीही जागा वाढते.

तोंडावर पडायचं म्हणालास तो या डिझाइनचा खरा दोष आहे आणि तो कोणी सांगत नाही. आत्ता तुझा पुढचा-मागचा आधार पहिल्या ते चौथ्या एक्सलपर्यंत, २४३ मिमी. बोगी केलीस की आधार पिव्हटपासून पिव्हटपर्यंत, १६२. पाय त्याच मापाचा, आधार एक तृतीयांश कमी. म्हणून बोगी मोकळी सोडायचीच नाही. बीमच्या पुढच्या आणि मागच्या टोकावर, फ्रेमच्या पोटाला एकेक बुशिंग दे, ±४ अंशाला बीम त्यावर टेकला पाहिजे. तेवढ्यात एक चाक दुसऱ्यापेक्षा ५ मिमी वर जातं, पुरे. पुढच्या बोगीचं पुढचं बुशिंग कडक घे, ९५ ए, कारण पुशचा शेवट त्यावर येतो. बाकीची मऊ. ही झाली बोगी रोखायची बुशिंगं, मी आधी ३ मिमी सॅग म्हटलं तो यांच्यावर नाही, तो पिव्हटवरच्या रबरातून येणार, ते खाली सांगतो.

जोर वाया जाण्याचं म्हणशील तर ३ मिमी दबणारं रबर एका पुशला दीड-दोन जूल साठवतं, त्यातलं काही परत देतं, काही गरम होऊन जातं. एका पुशच्या कामापुढे ते किरकोळ आहे. मित्राला सांग, जोर रबरात जात नाही, ढिल्या पिव्हटमध्ये पाय डळमळला की तू मनापासून ढकलतच नाहीस, तिथे जातो.

म्हणून बुश नीट कर. गनमेटलचा बुश, रीमर मारून, एच७ (भोकाच्या मापाची अचूकता), बुशची लांबी पूर्ण बीमच्या रुंदीइतकी, दोन्ही बाजूला ओ-रिंग नाहीतर आपल्याकडची धूळ महिन्याभरात त्याची वाट लावेल. प्लेट ६०६१ टी६ घे, खिडक्यांचं ६०६३ सेक्शन स्वस्त मिळतं म्हणून ते उचलून आणू नकोस. हील ब्रेक असेल तर मुख्य फ्रेमवर ठेव, मागच्या बोगीवर लावलास तर ब्रेक मारताच बोगी उलटी फिरायला बघेल.

पिव्हट थेट फ्रेमच्या भोकात न ठेवता उभ्या खाचेत सरकत्या ब्लॉकमध्ये ठेव आणि त्या ब्लॉकच्या वर पीयूची चकती दे. तुझं वजन ६५ किलो धरलं तर एका पायावर साधारण ६५० न्यूटन, दोन पिव्हट म्हणजे प्रत्येकी ३२५, चकती त्या लोडला ३ मिमी बसली पाहिजे. कॉलेजच्या यूटीएमवर (दाबून-ओढून ताकद मोजायचं मशीन) आधी चकत्याच दाबून ग्राफ काढ, फ्रेम नंतर काप.

स्केटताई, ठाणे

आणि पहिली टेस्ट रिंकवर, हेल्मेट, एल्बो, नी, रिस्ट गार्ड सगळं घालून. थेट रस्त्यावर नेलंस तर मीच येऊन कान धरीन.

चाकोरीबाहेर

होय ताई. सर, यूटीएम लॅबमध्ये सोमवारचा स्लॉट मिळालाय. खाचेत ब्लॉक सरकताना तिथेही आडवा प्ले येणार ना, त्या ब्लॉकला नायलॉनच्या पट्ट्या लावू का गनमेटलच्या?

भोसरी_एमआयडीसी

नायलॉन नको, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं आणि ब्लॉक जाम होतो. डेलरिन (फारसं पाणी न पिणारं कडक प्लास्टिक) घे, २ मिमी पट्टी, मागे शिम (पातळ पत्रा) देऊन अ‍ॅडजस्ट करता येईल अशी. ड्रॉइंग झालं की इथे टाक, शनिवारी आमची व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) रिकामी असते.